चौथ्या खड्ड्याचं वळण

परभणी जिल्ह्यात गोल्फचं मैदान होतं असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग हसतात. हसू देत. मैदान सहा खड्ड्यांचं होतं, जेमतेम तीन वर्षं टिकलं, आणि ते मी आखलं होतं.

मी कालव्याच्या कामावर ट्रेसर होते. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे, आम्ही ते ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचो. सेलूहून सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून वसाहतीपर्यंत पायी जायचं. त्या शाखेत मी एकटीच बाई. नोकरी लागली तेव्हा ‘चार दिवसांत पळून जाईल’ असं सगळे म्हणत होते, आणि मला तेवढंच ऐकायचं असतं. कुणी जमणार नाही म्हणालं की ते काम माझ्या अंगात येतं.

आमचे मोठे साहेब पुण्याकडचे. कुठल्याशा थंड हवेच्या गावी ट्रेनिंगला गेले होते, तिथून गोल्फच्या काठ्यांची पिशवी आणि गोल्फचं वेड घेऊन आले. रोज संध्याकाळी क्वार्टर्सच्या मागं ते चेंडू मारायचे आणि मोजणीच्या कामावरचे दोन खलाशी काटेरी झुडपांत तो हुडकत फिरायचे. एके दिवशी त्यांनी मला बोलावून टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडलं. जगभरातली गोल्फची मैदानं आणि ती आखणारे आर्किटेक्ट. टोपी घातलेले, तोंडात चिलीम धरलेले म्हातारे, मागं समुद्र, हिरवेगार उंचवटे. घर बांधायला आर्किटेक्ट लागतो हे मला माहीत होतं. गवताला कशाला लागतो, ते कळेना.

साहेबांनी समजावून सांगितलं. ही माणसं आठ-आठ दिवस जमिनीवरून नुसती चालतात म्हणे. उतार कुठं आहे, पाणी कुठून वाहतं, झाड कुठं आहे ते बघतात आणि मैदान त्यात बसवतात. जमीन तोडून मैदान बसवतो तो कंत्राटदार, आर्किटेक्ट नव्हे, असंही म्हणाले. साहेब माणूस रागीट होता, पण हे वाक्य त्यानं लाख मोलाचं सांगितलं. मी ते मनात नीट जपून ठेवलं.

मैदान वसाहतीच्या मागच्या गायरानावर करायचं होतं. मोजणी करणारा सर्व्हेअर लांब रजेवर होता. मी करते म्हणाले. साहेबांनी मला एकदा खालून वर बघितलं आणि उन्हाचा विषय काढला. आमच्या शेतात कापूस वेचायला मी सातव्या वर्षापासून जाते, उन्हाचं मला सांगू नका, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्लेन टेबल आणि ते दोन खलाशी घेऊन गायरानात उभी होते. प्लेन टेबल म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली फळी. तिच्यावर कागद लावायचा आणि जे समोर दिसतं ते तिथंच उभं राहून काढायचं. घरी येऊन आठवून काढायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी ढोबळ सांगितलेली चौथ्या खड्ड्याची रेघ धरत गेले आणि समोर ज्वारी आली. गुडघाभर उंचीचा दगडांचा बांध, आत छातीला लागेल अशी हिरवी ज्वारी. मध्ये माचीवर एक बाई हातात गोफण घेऊन पाखरं हाकत होती. चाळिशीची असेल. आम्हाला बघून खाली उतरली आणि काय मोजायलात म्हणून विचारलं. साहेब काठीनं चेंडू मारत मारत खड्ड्यात घालणार, त्यासाठी मैदान करायचंय, असं मी सांगितलं. माझी मलाच लाज वाटली. ती मात्र हसली नाही.

तिची हकीकत तिनं बांधावर बसून सांगितली. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या आगीत तिच्या गावात त्यांच्या वस्तीतली घरं जळाली. नवरा-बायको दोन लेकरं घेऊन निघाले ते इथं आले. गायरानातले दगड वेचून बांध घातला, जमीन फोडली. पुढं नवरा ऊसतोडीला गेला आणि तिकडंच आजारी पडून वारला. तेव्हापासून ती एकटी कसत होती. पण कागदावर काही नव्हतं. तलाठी दरवर्षी पिकांची पहाणी करायचा तो चावडीत बसून, आणि रकान्यात लिहायचा ‘पडीक’. उद्या कुणी हाकललं तर दाखवायला तिच्याकडं एक चिठोरंही नव्हतं.

तिनं माझ्या फळीवरच्या कागदाकडं बोट केलं. “ह्याच्यात आमचं रान घालायलात का?”

दिसतंय ते घालावंच लागतं, मी म्हणाले.

“मग नीट घाला, बाई. एका तरी कागदावर आमी हाव का न्हाई ते बघू द्या.”

खरं सांगायचं तर माझ्या घरी नामांतराला विरोध होता आणि मला त्या वयात स्वतःचं काही मत नव्हतं. हे लाजिरवाणं आहे, पण आहे ते आहे. त्या दिवशीही माझ्या डोक्यात न्याय वगैरे काही नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझ्यासमोर उभं पीक आहे, आणि एक माणूस चावडीत बसून त्याला पडीक म्हणतो. याचा मला राग आला. मी बांधाचे सगळे कोपरे मोजले, आत ‘ज्वारी, उभे पीक’ असं लिहिलं आणि त्या बाईला वाचून दाखवलं. पुढं मी तिला मावशीच म्हणायला लागले.

साहेबांनी नकाशा बघितला आणि चौथ्या खड्ड्यापाशी थांबले. गायरानावर पीक कसलं, पुसा ते, रेघ सरळ घ्या, म्हणाले. मी त्यांचं पुस्तकच काढलं. जमीन तोडतो तो कंत्राटदार, असं तुम्हीच सांगितलं होतं ना, विचारलं. मग रान मधोमध ठेवून चेंडूची वाट त्याला वळसा घालून नेली तर? मारणाऱ्यानं आधी उजवीकडं मारायचं, मग डावीकडं वळायचं. साहेब बराच वेळ नकाशा फिरवून बघत राहिले. पुस्तकातल्या दोन मैदानांवर असंच वळण होतं. शेवटी त्यांनी सही केली, खाली तारीख टाकली, आणि शाईनं गिरवायला माझ्याकडं दिला; गिरवून झाल्यावर ट्रेसिंगवरही सही आणि तारीख टाकली.

मैदान तयार व्हायला लागलं तेव्हा पहिली अडचण खड्ड्यांभोवतीच्या गोल जागेची आली. हिरवळ टिकवायला पाणी कुठलं? तिथं जळकं ऑइल मिसळून वाळू पसरायची, असं साहेबांनी वाचलं होतं. पण आमची काळी जमीन. उन्हाळा लागताच भेगा पडल्या आणि सगळी वाळू आत गेली. दोनदा टाकली, दोनदा गेली. मावशी बांधावरून हे बघत होती. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर आला तेव्हा ती मला म्हणाली की साहेबाला खळं करता येत न्हाई का. बोरी गावाच्या बाजूनं चांगला मुरूम येतो, तो टाका, पाणी मारा, बैल फिरवा, धुम्मस करा आणि वर शेणाचा सडा. तिनं स्वतः उभं राहून सहाही गोल करून घेतले. घोटून घोटून असे केले की चेंडू घरंगळत सरळ खड्ड्यात जायचा. पुस्तकातल्या म्हाताऱ्यांनी बघितले असते तर त्यांनी तिला विचारून लिहून घेतलं असतं. साहेबही खूश झाले.

आणि मग तिनं चूक केली. तिच्या जागी आमच्याकडच्या कुणीही तीच केली असती. पुढच्या हंगामातली ज्वारी काढणीला आली. समोर तिनं स्वतः केलेलं सहा खळ्यांचं मैदान. साहेबांनी औरंगाबादहून पाहुणे बोलावले त्या रविवारी सकाळी आम्ही सगळे चौथ्या खड्ड्यापाशी पोचलो, तर तिथं कणसांची रास पडली होती आणि उसनी आणलेली बैलजोडी गरगर फिरत होती. मध्ये बैल बांधायला तिवड्याचा खांब रोवायचीही गरज पडली नव्हती. खड्ड्यातला झेंड्याचा लोखंडी पाइप होताच, दावं त्यालाच बांधलं होतं. मावशीनं पाहुण्यांना डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला आणि थोडं थांबा, आता उफणायचंच राहिलंय, असं सांगितलं.

पाहुणे हसले. तेच साहेबांना झोंबलं.

सोमवारी त्यांनी ट्रेसिंग मागवलं आणि माझ्यापुढं ब्लेड ठेवलं. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडता येते. ते रान खरवडा, चौथी वाट सरळ करा, पुढच्या आठवड्यात बुलडोझर लावतो, असा हुकूम. मी म्हणाले की मी जे बघितलं ते काढलं, बघितलेलं खरवडायचं काम मला येत नाही. त्यांनी आवाज चढवला. ही नोकरी आहे, म्हणाले. मी ब्लेड त्यांच्याकडं सरकवलं.

“सही तुमची आहे, साहेब. तुम्हीच खरवडा.”

त्यांनी रागाच्या भरात खरवडलंही, आणि ट्रेसिंग फाटलं. मला लेखी मेमो मिळाला आणि रेकॉर्डच्या खोलीत बदली झाली. बुलडोझर मात्र आला नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी त्या वळणाची लय तारीफ केली म्हणे, आणि साहेबांना ते मोडवेना. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली, मैदानावर वेड्या बाभळी माजल्या. साहेबांना जे माहीत नव्हतं ते असं, की ट्रेसिंग त्यांच्या टेबलावर जायच्या आधी त्या सोमवारी सकाळीच मी त्याची एक अमोनिया प्रिंट, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढली होती आणि मावशीला नेऊन दिली होती. हे नियमाच्या बाहेर होतं. माहीत असूनच केलं.

पुढं काही वर्षांनी हुकूम निघाला की ठरावीक तारखेच्या आधीपासून गायरान कसणाऱ्यांच्या नावावर ती जमीन करायची, पण पुरावा पाहिजे. मावशी मला शोधत आली. तहसील कचेरीत आम्ही दोघी गेलो. प्रिंट टेबलावर उलगडली आणि वरचं ‘गोल्फ मैदान’ वाचून सगळी कचेरी हसली. तहसीलदारांनी सही आणि तारीख बघितली तेव्हा त्यांचं हसू थांबलं. मग माझ्याकडं वळून विचारलं की ही सरकारी प्रिंट बाहेर कुणी दिली. मी दिली, म्हणाले. परवानगी? घेतली नव्हती.

“तसं लिहून घ्या,” मी म्हणाले. “आणि मी नकाशा काढला तेव्हा पीक उभं होतं, तेही लिहून घ्या. दोन्हीवर सही करते.”

दोन्ही लिहून घेतलं गेलं. खात्याकडून मला दुसरा मेमो आला, तो मी पहिल्याशेजारी ठेवला.

जागेवर पंचनामा करायला तलाठी आला. नवा होता, पोरगेलासा. बाभळीच्या सावलीत बसून त्यानं प्रिंट मांडीवर घेतली आणि पहाणीच्या वहीत लिहायला लागला. मावशीनं मला वाचायला सांगितलं. मी तिचं नाव वाचलं. मग पिकाचा रकाना वाचला, ज्वारी.

तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग उठली आणि त्या पोराला हाताला धरून बांधावर घेऊन गेली. बांधाच्या आत शेंगांनी लगडलेली तूर उभी होती.

“नकाशात बघून लिवू नका,” ती म्हणाली. “रानात बघून लिवा.”

तलाठ्यानं ज्वारीवर काट मारली आणि तिच्या रानात उभं राहून ‘तूर’ लिहिलं.