प्रवीणला कोणती भाषा पाहिजे?

आमच्या धंद्यात बिलं कमी निघतात अन् किस्से जास्त साचतात. यवतमाळात बसस्टँडमागे आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. माणसं तीन: मालकीण वैशालीताई, मी आणि प्रवीण. किस्से बहुतेक प्रवीणचेच, कारण त्याचा जीव एका प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये कधी रमलाच नाही.

कळंबच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासाठी, कापूस मोजायच्या काट्याचं सॉफ्टवेअर करायचं होतं. प्रवीणनं पायथॉनमध्ये सुरू केलं, लवकर लिहून होतं म्हणून. अर्ध्यात आल्यावर ते त्याला हळू वाटायला लागलं. मग जावा. मग एका सकाळी रस्ट नावाची नवीच लँग्वेज घेऊन आला.

"ताई, ही लँग्वेज चूक करूच देत नाही. चूक असली का प्रोग्राम बनतच नाही."

"तरीच कालपासून काही बनलं नाही," ताई म्हणाल्या.

तिकडे कापूस यायला लागला. प्रवीणनं कसंबसं पूर्ण करून ते काट्यावर नेलं. तिथला कॉम्प्युटर इतका जुना की प्रोग्राम उघडेचना. बाहेर गाड्यांची रांग. जिनिंगचे मालक शांतपणे म्हणाले, "लय फास्ट आहे म्हणे हे?"

"हो काका."

"मंग चालून काहून नाही राह्यलं?"

प्रवीणनं जुन्या मशीनवर चालेल अशी भाषा शोधली. तर तिला मराठी जमेना. पावतीवर काना-मात्रा गळायच्या. देवराव नावाच्या शेतकऱ्याच्या हातात 'दवरव' अशी पावती पडली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली अन् परत दिली.

"कापूस माहा आहे. हा माणूस मी नाही."

मधेच बाभुळगावला प्रवीणचा मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. मीही सोबत गेलतो. मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी. तिच्या वडिलांनी विचारलं, "किती लँग्वेज येतात?" प्रवीण बोटं मोजत सांगत सुटला. तो थांबल्यावर मुलगी म्हणाली, "यातल्या एकीत तरी काही टिकलं का?"

परतीच्या एसटीत तो खिडकी उघडत होता, लावत होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याला समोर बसवलं. "लँग्वेजचं नाव नंतर सांग. तुले तिच्यात पाहिजे काय, ते पहिले सांग."

प्रवीण उठला अन् गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला. चहा आला, थंड झाला. जिनिंगचे फोन येत राहिले, मी काहीबाही सांगत राहिलो. ऊन उतरल्यावर तो आत आला.

"ताई, मी नसलो तरी तुमाले वाचता येईल अशी लँग्वेज पाहिजे."

ताईंचे हात कीबोर्डवरच थांबले.

"कुठं चालला रे तू?"

"कुठंच नाही ताई. पण लिहिलेलं टिकलं तर पाहिजे," म्हणत प्रवीणनं खुर्ची ओढली, बसला, अन् लिहायला लागला.