डाव्या बाजूची ऊब

मंगळवार, ९ डिसेंबर. बिल लिहून झाले होते: पंखा सफाई, प्रोसेसरवर नवी पेस्ट, तपासणी, एकूण एक हजार दोनशे चाळीस रुपये. तेवढ्यात लॅपटॉपची मालकीण तिसऱ्यांदा दारात उभी राहिली आणि थर्मामीटरनी त्या बिलावर आडवी रेघ मारली.

"काका, पुन्हा मध्येच बंद पडला."

थर्मामीटर हे नाव त्यांना गल्लीने दिलेले. बावीस वर्षे त्यांनी रेडिओच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. कारखाना बंद झाल्यावर जिन्याखालच्या खोलीत लॅपटॉपची दुरुस्ती सुरू केली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनला ते तासभर अवजड कामाला जुंपत आणि दर पाच मिनिटांनी तापमान वहीत लिहीत. बायको म्हणे, "त्याला किती ताप आहे ते तोंडपाठ. माझा गुडघा सुजलाय, त्याची नोंद आहे का कुठे?" मग ते मुकाट्याने तेलाची बाटली आणायला उठत.

हा लॅपटॉप दुकानात दोन्ही वेळा पास झाला होता. तासभर पूर्ण भार दिला तरी ८६ अंशांपुढे आकडा हलला नाही. घरी नेला की मात्र मान टाकायचा.

मालकीण घरबसल्या इमारतींची चित्रे तयार करायची. आई अंथरुणाला खिळलेली. तिला एकटे सोडण्याची सोय नव्हती.

"शुक्रवारी दहा मजल्यांचं काम द्यायचंय. या वेळी चुकलं तर साहेब म्हणालेत, ऑफिसात येऊन बसा. मग आईला भावाकडे पाठवावं लागेल. ती तिथे रमायची नाही, काका."

थर्मामीटरनी वही काखेत मारली. "चला. तुमच्याच घरी तापवून बघू."

आईकडे लक्ष राहावे म्हणून तिने टेबल कॉटला चिकटवून ठेवले होते. थर्मामीटरनी दहा मजली चित्र चालू केले, जोडीला तपासणीचा प्रोग्रॅम लावला. ७१. ७९. ८४. ८६. पंखा घोंघावू लागला, पण आकडा तिथेच.

"बघा! तुमच्यासमोर कसा शहाण्यासारखा वागतोय," म्हणत ती चहा टाकायला आत गेली.

९१. थर्मामीटर सावरून बसले. ९५. त्यांनी वाकून पाहिले. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर, पांघरुणातून आलेले दोन सुरकुतलेले तळवे घट्ट टेकले होते. म्हातारीचे डोळे सुखाने मिटलेले. तपासणी अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. शंभरावर स्क्रीन काळी झाली, तेव्हाच ते बोलले.

"मावशी, हात गार पडतात?"

तिने हात झटकन आत ओढले. "बर्फ होतात हो. ही उठली की जरा शेकून घेते. ऊब वायाच तर जात होती." मग तिने काळ्या स्क्रीनकडे पाहिले. "अगंबाई, माझ्यामुळे?"

"हवा कोंडते, एवढंच."

"हिला सांगू नका, भाऊ. कळलं की हीटर आणेल, आणि त्याच्या पैशांसाठी आणखी दोन इमारती अंगावर घेईल."

चहा घेऊन मुलगी आली. "सापडलं?"

"कॉटच्या बाजूने हवा अडत होती," थर्मामीटर म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. त्यांनी टेबल कॉटपासून हातभर सरकवले, लॅपटॉपखाली दोन लाकडी ठोकळे दिले आणि पुन्हा तासभर भार दिला. ८५. आता जाळीतली हवा मावशींच्या हातांपर्यंत पोचत होती, हात मात्र जाळीपर्यंत पोचत नव्हते.

शुक्रवारी दुपारी चारला दहाही मजले वेळेवर ऑफिसात गेले. आईचे भावाकडे जाणे टळले.

शनिवारी थर्मामीटर सहज डोकावल्यासारखे करून लोकरीचे हातमोजे देऊन आले. "बायकोने विणलेत, घरात नुसते पडून होते," असे त्यांनी मुलीला सांगितले. ती पाणी आणायला वळताच मावशींनी त्यांना खुणेने जवळ बोलावले.

"किमतीची चिठ्ठी काढायची राहिली, भाऊ. नव्वद. फुकट घेणार नाही हं मी. सुटे आले की देते."

हातमोज्यांचे नव्वद रुपये मावशींकडून अजून यायचे आहेत.