कोरड्या पायांची भिंत

चुडामण लोटन पाटील पेंटर झाला तो धुळ्यात. साक्रीकडच्या कोरडवाहू शेतीत त्याचं मन रमलं नाही. टॉकीजची पोस्टरं रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे तो राहिला आणि हात असा बसला, की लोक सिनेमा पाहून आल्यावर म्हणायचे, पोस्टरातली हिरॉईन जास्त चांगली होती. ब्याऐंशी साली जळगावच्या एका पाइप कारखान्याने त्याला प्रसिद्धी विभागात बोलावून घेतलं. गावोगावच्या भिंतींवर कारखान्याच्या जाहिराती रंगवायच्या, कृषी प्रदर्शनात स्टॉल सजवायचा. पाच वर्षांत तो विभागाचा प्रमुख झाला. वेगळं टेबल मिळालं, फिरायला जीप मिळाली आणि हाताखाली पेंटरांची टोळी आली.

इथूनच घोळ सुरू झाला. चुडामणला दुसऱ्याचं काम बघवत नसे. कुणी 'ठ' जरा बसका काढला, की हा ब्रश हातात घेई. कुणी केळीच्या पानाला पिवळसर हिरवा लावला, की हा मुकाट्याने त्यावर गडद हिरवा चढवी. रागवत मात्र कधी नसे, उलट हसतच म्हणे, "राहू दे, मी करतो." सगळ्यांच्या आधी तो येई, सगळ्यांच्या नंतर जाई. आपण किती मरमर काम करतो, याचाच त्याला अभिमान होता.

तोताराम हा त्याच्या टोळीतला सगळ्यांत तयार गडी. माणसांचे चेहरे काढावेत ते त्यानेच. एके दिवशी त्याने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं तोंड रंगवलं, गालफडं बसलेलं, डोळे मिचकावणारं. जेवणाची सुट्टी झाली. तो डबा धुऊन परत आला, तर म्हाताऱ्याचे गाल भरले होते आणि तो कॅलेंडरातल्यासारखा हसत होता. तोतारामने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, फडक्याने पुसला आणि चुडामणच्या टेबलावर आणून ठेवला.

"चुडामणभाऊ, मी धुळ्याला जातो. स्वतःचं दुकान टाकतो."

"अरे, काय झालं? कोणी काही बोललं का?"

"कोणीच काही बोलत नाही, तेच तर. तुम्हाला इथं फक्त हात पाहिजेत. डोकं आम्ही घरी ठेवून यायचं."

तोताराम खरंच गेला. चुडामणला ते फार लागलं. पण आपलं काय चुकलं, हे त्याला कळेना. ते कळलं दिवाळीत. बायकोने, ताईबाईने, दारात मोर काढला होता. चुडामण येता येता वाकला आणि चिमूट घेऊन मोराची मान नीट करू लागला. ताईबाईने रांगोळीचा डबाच त्याच्यापुढे सरकवला.

"बठ्ठं तुम्हीच करा," ती म्हणाली. "मी आते काढाव नही."

ती चिडलेली नव्हती. तिचा उत्साह मावळला होता, आणि हा मावळलेला चेहरा आपण रोज कारखान्यात बघतो, हे चुडामणला त्या दारात उमगलं. त्याने चिमटीतली रांगोळी परत डब्यात सोडली.

पुढच्या वर्षी कारखान्याने ठिबक संच बाजारात आणला. पिकाच्या मुळाशी नळीतून थेंब थेंब पाणी पडतं, ही गोष्टच शेतकऱ्यांच्या गळी उतरत नव्हती. मालक मोतीलालशेठ यांनी चुडामणला नवी जाहिरात करायला सांगितली. चुडामणच्या डोक्यात चित्र तयारही झालं, हिरवंगार शेत आणि मधोमध फेटा बांधलेला हसरा शेतकरी. पण या वेळी त्याने टोळीला गोल बसवलं आणि आधी सगळ्यांना विचारलं, "तुम्ही काय दाखवाल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी ऐकलाच नव्हता. मग मंदाबाई हळूच म्हणाली, "मी पाय दाखवीन." मंदाबाई रावेरकडच्या केळीवाल्याची मुलगी. चित्रकलेची पदविका घेऊन आली होती आणि दोन वर्षं नुसती अक्षरांच्या कडा रंगवत होती.

"माझे वडील केळीला पाणी भरतात," ती म्हणाली. "तासन्‌तास चिखलात उभे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, चालवत नाही. ठिबक असलं की चिखलात उभं राहायला नको. दोन कोरडे, स्वच्छ पाय काढू आणि बाजूला नळी."

तिने कागदावर काढूनही दाखवलं. डाव्या पायाचा अंगठा वाकडा होता. चुडामणचा हात पेन्सिलीकडे गेला. तो त्याने मागे घेतला आणि विचारलं, "हा अंगठा असा का?"

"वडिलांचा तसाच आहे."

"मग तसाच ठेव."

मोतीलालशेठना चित्र मुळीच पटलं नाही. "गिऱ्हाइकाला पाय दाखवायचे? चुडामण, तुझं चित्र कुठंय?"

हसरा शेतकरी अजून डोक्यात होता. मागितला असता तर तासाभरात कागदावर आला असता. "विभागाचं चित्र हेच आहे, शेठ," तो म्हणाला. "मंदाबाईंचं. फसलं तर जबाबदारी माझी."

शेठनी कागद त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "एक भिंत रंगवा. लोक हसले तर चुना मारून मोकळे व्हा."

वरणगावजवळच्या एका गावात, एसटी थांब्यासमोर शालिग्राम चौधरींची भिंत होती. जाहिरातीला त्यांनी आधीच होकार दिला होता. पण मंदाबाईने शिडीवर चढून आकार आखला, तसे ते धावत आले. "माझ्या भिंतीवर पाय? पुसा आधी ते!" बघता बघता माणसं जमली. शालिग्राम चुडामणकडे वळले. "साहेब, तुम्ही मोठे दिसता. तुम्हीच सांगा हिला."

शब्द चुडामणच्या ओठांवर आले होते. गोड बोलून माणूस वळवणं त्याला जमत असे. पण तो एवढंच म्हणाला, "चित्र त्यांचं आहे. त्यांनाच विचारा."

मंदाबाईचा चेहरा उतरला. शिडीवरून उतरून ती अडखळत बोलू लागली. वडील, चिखल, रात्र रात्र न होणारी झोप. शालिग्राम ऐकत होते, पण मान हलत नव्हती. तेवढ्यात त्यांची बायको वच्छलाबाई दारात आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चिखल्यांनी फुटलेल्या पायांकडे.

"काढू द्या तिले," ती म्हणाली. "हे तुमचेच पाय हायेत. फक्त बरे झालेले."

लोक हसले. पण चुना मारावा असं ते हसू नव्हतं. शालिग्रामही ओशाळून हसले आणि शिडी धरायला पुढे झाले.

ते पाय पुढे यावल, चोपडा, पार शिरपूरपर्यंतच्या भिंतींवर गेले. शेठनी चुडामणकडे सगळ्या कारखान्याची प्रसिद्धी सोपवली. तोतारामला त्याने परत येण्याचा निरोप धाडला, तो आला नाही. धुळ्यात त्याचं बरं चाललं होतं. मग चुडामण स्वतःच त्याच्याकडे कामं पाठवू लागला, आणि आलेली कामं जशीच्या तशी लावू लागला. ते सोपं नव्हतं. कित्येकदा तो खुर्चीतून उठून बाहेर चहाला निघून जाई, कारण समोर कोणीतरी नको तो रंग कालवत असे. त्यातली काही चित्रं खरोखरच फसली. त्यांचा दोषही त्याने आपल्या नावावर घेतला.

सत्त्याण्णव साली धुळ्याच्या कृषी प्रदर्शनाचा स्टॉल मंदाबाईने टोळीला हाताशी धरून उभा केला. मातीचं शेत, खरी रोपं, आतून वाहणारं पाणी. चुडामण गर्दीत साध्या माणसासारखा फिरत होता. एक शेतकरी कौतुकाने वाकून बघत त्याला म्हणाला, "हाई कोनी करं हो?"

चुडामणने नावं सांगितली. मंदाबाई, भटू, सुकदेव, छगन. कोणी काय केलं, तेही सांगितलं.

"आनि तुम्ही?"

"मी त्यासना संगे शे," चुडामण म्हणाला, आणि गर्दीला वाट करून द्यायला बाजूला सरकला.