तिच्या दोन वाक्यांचं इंग्रजी

मला पुढे पुढे करायची खोड लहानपणापासून आहे आणि अमेरिकेत आल्यावर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही व्हर्जिनियात हर्नडनला राहायला गेलो. नवरा दिवसभर ऑफिसात, मी घरात. म्हणून दर गुरुवारी गावातल्या मदत केंद्रात जाऊ लागले. ज्यांचं भाडं थकलंय, घरात खायला नाही, अशांना ते केंद्र हात द्यायचं. मी पास्ता आणि डबाबंद भाज्या पिशव्यांत भरायची, आणि कमिटीतल्या गोऱ्या बायकांनी कौतुक केलं की हरभऱ्याच्या झाडावर चढून बसायची.

तिथेच ती मला दिसली. रांगेत, दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन. माहेर अमरावतीचं, लग्न होऊन इथे आलेली. नवरा दुसऱ्या बाईबरोबर कॅलिफोर्नियाला निघून गेला होता आणि मागे पत्ताही ठेवला नव्हता. इंग्रजी तिला बेताचंच यायचं. मला बघितल्यावर ती रांग सोडून चालू लागली, मी मागे धावले. पुढच्या काही गुरुवारांत तिने हळूहळू सगळं सांगितलं. एक आठवडा मुलीला दुधाऐवजी साखरेचं पाणी पाजलं होतं, तेही. आणि दर वेळी एकच विनवणी करायची.

"ताई, आपल्या लोकांत बोलू नका. घरी काही माहीत नाही. धाकटीचं लग्न माघात आहे. माझं कळलं तर तिची सोयरीक मोडेल."

मी तिला शब्द दिला. देताना तो खराच होता.

ऑक्टोबरात केंद्राला पैसे हवे म्हणून कमिटीने वाइन टेस्टिंग ठेवलं, अध्यक्षबाईंच्या घरामागच्या लॉनवर, रविवारी दुपारी. बाईंचं म्हणणं पडलं की मदत मिळालेलं कुणी दोन शब्द बोललं तर लोक सढळ हाताने देतील. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मी म्हटलं, मी आणते एकीला, इंग्रजीही मीच करून सांगते.

ती तीनदा नाही म्हणाली.

"अगं, वाइनची पार्टी आहे ती," मी म्हटलं. "तिथे आपलं कोण येणार?"

हे मी मनापासून बोलले होते. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात दारूचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडायच्या. गणपतीच्या कार्यक्रमात दोन पोरं गाडीत बसून बिअर प्यायली, तर मंडळाच्या एका काकांनी आरतीनंतर संस्कारांवर अर्धा तास घेतला होता. शेवटी ती कबूल झाली. पटलं म्हणून नव्हे. केंद्राचं आणि माझं मिंधेपण होतं म्हणून. हे मला तेव्हाही कळत होतं.

लॉनवर पांढरी टेबलं मांडली होती. लोक घोटभर वाइन तोंडात घोळवायचे आणि बादलीत थुंकायचे. एका टेबलाला एक बादली, सगळ्यांची उष्टी चूळ त्यात. गरिबांसाठी जमायचं आणि महागाची वाइन थुंकायची, हे बघून तिने माझ्याकडे पाहिलं आणि आम्हाला दोघींना हसू फुटलं. त्यानंतर आम्ही एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

तिची पाळी आली. खाली मान घालून ती म्हणाली, "अडचणीत या केंद्राने मला मदत केली. मी सगळ्यांची आभारी आहे."

संपलं. माणसं ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होती. एवढ्याने कुणाचा हात खिशात जाणार? मी माइक घेतला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. नवरा, ती दुसरी बाई, साखरेचं पाणी. समोर रुमाल निघाले तसा मला आणखी चेव आला. ती शेजारी हात जोडून उभी होती.

बोलणं संपवताना शेवटच्या टेबलापाशी मला आमचे काका दिसले. गणपतीतले तेच. हातात लाल वाइन, शेजारी काकू, त्यांच्याही हातात ग्लास. त्या अख्ख्या लॉनवर तिचं मराठी आणि माझं इंग्रजी, दोन्ही कळणारी ती दोनच माणसं होती.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "अगं, यांच्या कंपनीने तिकिटं घेतलेली ना, बॉसने इन्सिस्ट केलं. मंडळात उगाच मेन्शन करू नकोस. आणि त्या पोरीचं आम्ही कुठेच बोलणार नाही, प्रॉमिस." तेरी भी चूप, मेरी भी चूप. मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती. तिला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

काकू दुष्ट नव्हत्या. त्यांना तिची दया आली, हाच घोटाळा झाला. मुलीसाठी कपडे जमवावे म्हणून त्यांनी एका मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने आणखी एकीला, आणि त्या एकीची नणंद अमरावतीत दिलेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती माइकवर उघडली होती.

मार्गशीर्षात तिच्या वडिलांचं पत्र आलं. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिने ते माझ्या हातात दिलं. मुलाकडच्यांनी नकार कळवला होता. थोरलीला नवऱ्याने टाकलंय हे आम्हाला परक्यांकडून कळावं का, असं वडिलांनी विचारलं होतं.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ताई," ती म्हणाली, "मी तर दोनच वाक्यं बोलले होते. तुम्ही खूप वेळ बोलत होता. मला वाटलं, इंग्रजीत तेवढंच लागतं. काय सांगितलंत त्यांना?"

मी सांगायला सुरुवात केली. "मी म्हटलं, हिचा नवरा..." आणि थांबले. अनोळखी माणसांपुढे भराभर सुचलं होतं ते, तिच्या तोंडावर, मराठीत, माझ्याने बोलवेना. मुलीला मांडीवर घेऊन ती मी पुढे काय सांगते याची वाट बघत बसली होती.