उंबऱ्याएवढी जमीन

आई न्हाणीत पडली. तिला जालन्याला नेलं, खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आली ती वॉकर धरून.

दादा पुण्याहून आला होता. आईला पुण्याला नेतो, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. परतूरच्या आमच्या घरात संडास परसात, न्हाणी पायऱ्या उतरून, आणि मी दिवसभर शाळेत शिकवायला. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. आई सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, दिवाळीपर्यंत थांब. तोवर मी माझ्या पायानं खाटेपासून संडासापर्यंत गेले नाही, तर ने मला. दादानं मान हलवली आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

ओसरीचं एक टोक बंद करायचं, तिथं संडास आणि न्हाणी एकत्र करायची, धरायला भिंतीत स्टीलचे दांडे बसवायचे. आईची खाट माजघरात. संडास घरात येणार म्हणून तिनं नाक मुरडलं, पण देवघरापासून लांब असू द्या एवढंच बोलली. अडलं ते माजघर आणि ओसरी यांच्यामधल्या उंबऱ्याशी. सागवानी, चार बोटं उंच. वॉकर त्यावरून जाणं शक्य नव्हतं. मिस्त्री म्हणाले, कापून टाकू, वेळ लागायचा नाही.

लग्न होऊन आली तेव्हा याच उंबऱ्यावरचं माप लवंडून आई आत आली होती. रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहायची. वडिलांना नेलं तेही त्यावरूनच. यातलं ती काहीच बोलली नाही.

"माझा पाय वर येत न्हाई ना?" ती म्हणाली. "मंग जमीन वर आणा."

मिस्त्री हसले, पण आम्ही तेच केलं. दोन्ही बाजूंना भराव टाकला, शहाबादी फरशी काढून पुन्हा बसवली. दिवाळीच्या तोंडावर काम संपलं तेव्हा उंबरा फरशीत लाकडाच्या पट्टीसारखा दिसू लागला. जमीन वर आली म्हणजे चौकट तेवढी खाली आली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिवाळीला दादा आला आणि पहिल्याच पावलाला कपाळ आपटून घेतलं. आई खाटेवरून म्हणाली, "आईच्या घरात वाकून यावं, बाबा."

मग ती उठली. आम्ही दोघं मागं. हळूहळू उंबऱ्याशी आली आणि तिनं पाय उचलला. तिथं आता चढ नाही, हे डोळ्यांना माहीत होतं, पायाला नव्हतं. तोल गेला. दादानं मागून सावरलं. आम्ही एवढी मापं घेतली, एवढा भराव टाकला, आणि तिच्या पायाची सवय तेवढी हिशेबात धरायची राहिली होती. मला वाटलं, आता तिची बॅग भरावी लागणार.

आईनं दादाचा हात बाजूला केला. वॉकर पुढं घेऊन लाकडावर टेकवला, दोनदा आपटून पाहिला.

"इथं काही न्हाई," ती पायाला म्हणाली, आणि तो फरशीवरून घासत पलीकडं नेला.

संडासाच्या दारापर्यंत गेली, वळली, परत आली. खाटेवर बसल्यावर तिनं दादाला विचारलं, कपाळाला हळद लावू का. तो पुण्याला एकटाच गेला.

त्यानंतर ती रोज तेच म्हणत उंबरा ओलांडायची. मी स्वयंपाकघरात असले की तेवढ्यावरून कळायचं, आई कुठवर पोचली. कधीकधी ती ते इतकं दटावून म्हणे, की दारात कुत्रं आलंय असं वाटावं. पाय मात्र रोज थोडा उचलला जायचाच. याच घरात ती राहिली आणि यंदा उन्हाळ्यात याच घरात गेली.

वॉकर मी गल्लीतल्या एका आजोबांना दिला. दांडे भिंतीत आहेत. उंबऱ्याला हळदकुंकू आता मी वाहते. तिथून जाताना मी अजून पाय उचलते.