हिराबाईंची हरकत

हिराबाई कुठलाही कागद माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायच्या, एकदा बसून आणि एकदा उभ्याने. मुरबाडकडच्या एका ग्रामपंचायतीत मी ग्रामसेवक होतो आणि त्या वरच्या वाडीच्या सदस्य. "बसून आयकलं का सगलंच बरं वाटतं, भाऊसाहेब," म्हणायच्या, "उभं रायलं का पाय कुरकुर करतात." मला नेहमी घाई. मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो.

विहिरीचा नियम त्यांनीच मागितला. दर पावसाळ्यात वाडीतल्या पोरांना जुलाब व्हायचे. त्यांची नात सोनी तर सलाईन लावून कशीबशी वाचली होती. विहिरीपाशी कपडे आणि गुरं धुवायची नाहीत, असा मसुदा मी केला, कार्यालयाच्या फलकावर लावला आणि हरकतींसाठी मुदत दिली. कोणी फिरकलं नाही. फलक वाचायला वाडीतून उतरणार तरी कोण? माझ्या ते पथ्यावरच पडलं. मुदत संपायच्या आधीच 'एकही हरकत आली नाही' असं मी लिहूनही टाकलं.

शेवटच्या दिवशी हिराबाई आल्या. "माजी हरकत लिवा."

मी चाटच पडलो. त्या मात्र शांत. वाडीत घरोघर विचारून आल्या होत्या. विहिरीवर बंदी म्हणजे धुणं घेऊन थेट ओढ्यापर्यंत उतरायचं. बाळंतिणीने काय करायचं? आधी विहिरीच्या खालच्या अंगाला धुण्याची जागा करा, मग बंदी. त्यात पावसाळा उजाडेल, मी बजावलं, आणि सोनी पुन्हा आजारी पडली तर? त्या उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, लिवा.

आधीचं वाक्य खोडून मी हरकत नोंदवली. भयंकर चिडलो होतो.

पावसाळ्यात सोनी आजारी पडलीच. दवाखान्यात मी बोलून गेलो, तुमच्या हरकतीपायी झालं हे. हिराबाई नातीचे पाय चोळत होत्या.

"असंल," त्या म्हणाल्या. "पन बंदी असती तरी बाया चोरून धुवत्या, आन तुमी लिवलं असतं, इहीर चांगली हाय."

सोनी बरी झाली. पावसानंतर वाडीतल्या बायांनीच दगड वाहून धुण्याची जागा केली. ग्रामसभेत नियमासाठी सगळे हात वर गेले आणि तो पाळलाही गेला. माझी बदली शहापूरला झाली. दवाखान्यातल्या बोलण्याची माफी मागायची राहून गेली.

मागच्या वर्षी हिराबाई गेल्या. घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा सोनीपाशी दवाखान्यातली ती गोष्ट काढली. तिला काहीच आठवत नव्हतं.

"आजी तुमचं नाव काढायची," ती म्हणाली. "म्हनायची, माजी हरकत लिवून घेनारा तो पयलाच साहेब."