समोरची रांग

"शेफ, हे सकाळचं हाय का?"

भाऊसाहेबांनी काचेच्या शोकेसवर बोट टेकवून विचारलं. ते निफाडकडचे द्राक्षबागायतदार. मुलीला इंदिरानगरात क्लासला सोडायचे आणि क्लास सुटेपर्यंत आमच्या रस्त्यावर वेळ काढायचे. काचेआड माझा मार्गेरिटा पिझ्झा होता, नुकताच ओव्हनमधून काढलेला.

"आत्ताच काढलाय," मी म्हणालो. "फक्त पुन्हा एकदा ओव्हनमध्ये टाकून देतो."

"म्हंजे गरम करून देणार."

"गरम नाही हो. दुसऱ्यांदा बेक."

"तेच की वो. शिळं गरम करून आमी घरी बी खातो. त्याला इथवर कशाला यायचं?"

आणि ते रस्ता ओलांडून समोर गेले. समोर प्रसादचं पिझ्झाचं दुकान. तिथे रांग होती. ती रोजच असायची.

इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. पिझ्झा स्लाइसवर विकायचा म्हणजे मोठा, पातळ पिझ्झा आधी भाजून ठेवायचा, त्याचे तुकडे करायचे आणि गिऱ्हाईक आलं की हवा तो तुकडा पुन्हा ओव्हनमध्ये सरकवायचा. आमचा असतो डेक ओव्हन. त्याच्या आत दगडी फरशी असते आणि आच वरून-खालून मिळते. तापलेल्या फरशीवर तुकडा दुसऱ्यांदा पडला की बूड कडक होतं, हातात धरला तर टोक खाली लोंबत नाही. जगभर स्लाइस असाच विकतात. पण हे जगाला माहीत, नाशिकला नाही. आपल्याकडे एकदा शिजलेलं पुन्हा विस्तवावर चढलं की त्याला एकच शब्द आहे, आणि तो भाऊसाहेबांनी वापरला.

माझी सगळी नोकरी हॉटेलच्या किचनमध्ये गेली. आधी पुणे, मग मस्कत. मुलगी दहावीत गेली तेव्हा परत आलो आणि हे दुकान टाकलं. मस्कतच्या हॉटेलने माझी जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. माझं आणि मनीषाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, ठरलं होतं. दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर नाशिक, नाहीतर मी पुन्हा विमानात. मुलीने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे बोर्डाच्या वेळी बाबा नसणार?"

आता प्रसाद. प्रसाद पुण्याला माझ्या हाताखाली होता. पिझ्झा ओव्हनमध्ये सरकवायचं लांब दांड्याचं फावडं असतं, त्याला पील म्हणतात. ते कसं धरायचं हेसुद्धा त्याला मी शिकवलं. मी दुकान टाकल्यावर थोड्याच दिवसांत त्या पठ्ठ्याने बरोबर माझ्यासमोर गाळा घेतला. उद्घाटनाच्या दिवशी पेढे घेऊन आला आणि वाकून नमस्कार केला.

"सर, मिसळीची दुकानं कशी शेजारी शेजारी चालतात? तसंच आपलं चालेल."

मी पेढा तोंडात टाकला.

उगाच सभ्यपणा नको, मी जळत होतो. त्याचा मैदा माझाच होता, चीज माझ्याच सप्लायरकडचं, सॉस तर माझ्याच पद्धतीचा. मग रांग तिकडे का? कांदा चिरायला मी मुद्दाम पुढच्या काचेपाशी उभा राहायचो. समोर कोण आलं, कोण दोन-दोन स्लाइस घेऊन गेलं, सगळं दिसायचं. डोळ्यांत पाणी आलं तर कांद्यावर ढकलता यायचं.

आधी मी ठरवलं, लोकांना समजावू. मोठा बोर्ड रंगवून घेतला: "येथे पिझ्झा दोनदा भाजला जातो. अस्सल इटालियन पद्धत." संध्याकाळी एक काकू दारात थांबल्या, बोर्ड मोठ्याने वाचला आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "दोनदा? म्हणजे काल एकदा आणि आज एकदा?" दोघी हसत हसत समोर गेल्या. मनीषाने त्याच संध्याकाळी बोर्ड उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग म्हटलं, ठीक आहे, तुम्हाला ताजंच पाहिजे ना? शोकेस रिकामा केला. ऑर्डर आल्यावर पीठ लाटायचं आणि अख्खा पिझ्झा भाजायचा. शिळं म्हणायची कोणाची बिशाद! पण दोन क्लासच्या मध्ये आलेल्या पोरांना एक तुकडा खाऊन पळायचं असतं. अख्खा पिझ्झा होईपर्यंत कोण थांबतंय? "काका, स्लाइस नाही का?" म्हणायची आणि रस्ता ओलांडायची. चार दिवसांत शोकेस पुन्हा भरला.

"नाशिकच्या लोकांना पिझ्झा कळतच नाही," मी घरी जेवताना म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं," मनीषा म्हणाली. मग शांतपणे पुढे, "काल मी खाऊन आले."

"काय?"

"पिझ्झा. समोर."

माझा तिळपापड झाला. आपलं दुकान सोडून, स्वतःची बायको, त्याच्या रांगेत! "कसा होता?" हे विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"चव तुमचीच आहे. पण तो समोर भाजून देतो."

"मी काय दाराआड भाजतो?"

"तुम्ही गरम करता. तो भाजतो. एकदा जाऊन बघा ना, तुमचाच माणूस आहे."

मी गेलो नाही. त्याच्या रांगेत मी उभा राहायचं? त्यापेक्षा मस्कत बरं. दिवाळी जवळ येत होती, हॉटेलमधून विचारणा आली होती, आणि तरी मी गेलो नाही. मत्सराचं असंच असतं. तो समोरच्या काचेतून सगळं बघायला लावतो, पण आत पाय टाकू देत नाही.

मग एका शनिवारी संध्याकाळी प्रसाद स्वतःच गाड्या चुकवत धावत आला. अॅप्रन पिठाने माखलेला, चेहरा उतरलेला.

"सर, फरशी गेली."

"कुठली?"

"ओव्हनची. दोन तुकडे झाले." त्याच्याकडे नवीन कूक लागला होता. इतकी वर्षं तो घावन-आंबोळ्यांच्या गाड्यावर होता. तव्याला जास्त आच लागली की पाणी शिंपडायचं, ही त्याच्या हाताची सवय. त्याने तापलेल्या दगडावर पाणी मारलं आणि ओलं फडकं फिरवलं. लोखंडी तवा ते सहन करतो, दगड करत नाही. फाट्कन आवाज झाला म्हणे.

"बाहेर रांग आहे, सर. एका सोसायटीत वाढदिवसाची ऑर्डर पण आहे. आजचा दिवस ओव्हन द्याल?"

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. अगदी पोटातून. शनिवारची गर्दी आणि याचा ओव्हन बंद! आता ती सगळी रांग जाणार कुठे? मी चेहरा गंभीर केला.

"बघावं लागेल रे. आमचीही शनिवारची गर्दी असते."

प्रसादने दुकानात नजर फिरवली. आत एकटी मनीषा होती आणि ती रिकामी टेबलं पुसत होती.

"अहो, गर्दी कुठंय?" ती म्हणाली. "प्रसादभाऊ, आणा तुमचे ट्रे. लवकर आणा, लोक उभे आहेत."

"मनीषा, जरा..."

"काय जरा? आपला ओव्हन तापलेलाच आहे ना?"

ट्रे आले. मी झाकण काढलं आणि बघतच राहिलो. स्लाइस पांढरेफटक. कडेला रंग नाही, सॉस नुसता सुकलेला, वर चीजचा नावापुरता हात.

"अरे, हा तर कच्चा आहे!"

"पार-बेक आहे, सर. अर्धाच भाजलेला." प्रसादने हात चालू ठेवले होते. "तुमचंच की. मोठ्या लग्नाच्या बँक्वेटला आपण करायचो ना? दुपारी अर्धं भाजून ठेवायचं, रंग येऊ द्यायचा नाही, आणि पाहुणे आले की संपवायचं. तुम्हीच ओरडायचात, 'रंग आला तर बघा!'"

तोपर्यंत त्याच्या माणसाने रांग वळवून रस्त्याच्या या बाजूला आणली. माझ्या दुकानात पहिल्यांदा रांग लागली, आणि ती त्याच्या पिझ्झासाठी. मी पील घेऊन ओव्हनपाशी उभा राहिलो. दुसरं करणार काय?

प्रसाद एकेकाला विचारत होता, "तिखट किती? सिमला मिरची चालेल?" मग त्या फिकट तुकड्यावर गिऱ्हाइकासमोर चीज पसरायचा, हवं ते टाकायचा आणि माझ्याकडे द्यायचा. मी फरशीवर सरकवायचो. चीज वितळायचं, फसफसायचं, कडा तांबूस व्हायची. आणि रांगेतले सगळे मान पुढे काढून बघायचे. माझ्या स्लाइसकडे असं कोणी बघत नव्हतं. माझा तुकडा आधीच भाजून, तांबूस होऊन, चीज गोठून काचेआड तयार बसलेला असायचा. ओव्हनमध्ये गेला तरी दिसायला तसाच बाहेर यायचा. बघण्यासारखं काही उरलेलंच नसायचं, मग लोक त्याला गरम करणं म्हणणार नाहीत तर काय?

रांगेत भाऊसाहेबही होते. मी त्यांच्या हातात स्लाइस ठेवला. त्यांनी टोक मोडून खाल्लं.

"हे बघा, असं डोळ्यांदेखत भाजलेलं पायजे. लय भारी!"

"हे सगळं सरांनीच शिकवलंय मला," प्रसाद मोठ्याने म्हणाला. मनापासून म्हणाला.

"हो का?" भाऊसाहेब म्हणाले. "जरा मिरची टाका की वरून."

गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी. पार-बेक मला येत होतं, त्याच्या आधीपासून येत होतं. पण ते मी बँक्वेटची तडजोड समजत होतो. हॉटेलात चालतं, आपल्या दुकानात अस्सलच पाहिजे! प्रसादला असला माज नव्हता. त्याने गिऱ्हाइकाकडे बघितलं आणि माझ्याच पोतडीतली वस्तू काढून वापरली.

सगळं आवरल्यावर तो ट्रे उचलायला आला. मनीषाला "वहिनी, उपकार झाले" म्हणाला आणि माझ्याकडे वळला.

"सर, तुम्ही पण असंच का करत नाही? तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, उलट उत्तर देता आलं असतं. तो खरंच चांगल्या मनाने बोलला आणि तेच जास्त झोंबलं. मी "बघू" म्हणालो.

बघायचं काही नव्हतं. सोमवारी मी शोकेसमध्ये फिकट स्लाइस लावले. मनीषाने एकदा शोकेसकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चीज किसायला घेतलं. क्लासची पोरं थांबायला लागली. त्यांना चीज स्वतः सांगून टाकून घ्यायला आवडायचं. मग जॉगिंग ट्रॅकवर फिरणारी मंडळी यायला लागली. प्रसादची रांग काही कमी झाली नाही, हे मी रोज बघत होतो. पण माझ्याकडेही रांग दिसू लागली. दिवाळीच्या तोंडावर मी मस्कतला फोन करून येत नसल्याचं कळवलं. मुलगी मागे उभी होती. फोन ठेवल्यावर "नक्की ना?" असं तिने दोनदा विचारलं.

त्याच संध्याकाळी एक बाई नातवाला घेऊन आल्या. त्यांनी स्लाइस भाजताना नीट बघितला, खाल्ला आणि खूश झाल्या.

"अगदी समोरच्यासारखा आहे हो! ही त्यांचीच ब्रँच ना?"

मी मोठा श्वास घेतला. सांगायचं बरंच होतं. पुण्याचं किचन होतं, मस्कत होतं, कोणी कोणाला पील धरायला शिकवलं ते होतं. तोंड उघडलंही.

"हो, हो, त्यांचीच," गल्ल्यावरून मनीषा म्हणाली. "नातवाला अजून एक देऊ?"

त्यांनी दोन घेतले.

मी ते भाजून दिले. कडा जरा जास्तच काळी झाली. बाई म्हणाल्या, चालतं, खरपूस छान लागतं.

या धंद्यात शिकलो ते एवढंच. गिऱ्हाईक आलं पाहिजे. ते कोणाचं नाव घेऊन आलं याचा हिशेब ज्याला ठेवायचा असेल त्याने ठेवावा. त्याला मस्कतचा रस्ता मोकळा आहे, तिथे कूक अजून लागतात.